शब्द अडतो तेव्हा : वाचकांच्या शंका

प्रश्न : सहावीच्या वर्गात 'एकेक शब्द जोडत गोष्ट' हा खेळ घेतला. चाळीस मुलं, निम्म्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड. दहा-बारा शब्दांत गोष्ट मरते. मुलांचं मराठी कमी पडतंय का? — एक शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, मुलांपेक्षा नियम कमी पडतोय. खेळ इंग्रजीतून आलाय आणि तिथे क्रियापद वाक्यात लवकर येऊन जातं. मराठीत ते शेवटी, आणि वाक्य संपवायची जोखीम कुणालाच नको. मग 'मोठा', 'लाल', 'खूप', 'आणि' यांचा ढीग होतो. कोण काय करतंय ते कळतच नाही. दुसरी अडचण लिंगाची. एकाने 'एक मोठी' म्हटलं की पुढच्याला स्त्रीलिंगी नामच शोधावं लागतं. तेलुगू-कन्नडमध्ये विशेषण असं बदलत नाही, म्हणून ती मुलं नेमकी तिथे अडतात.

शब्दाऐवजी तुकडा द्या : 'सिद्धेश्वर तलावाजवळ', 'एक म्हातारी', 'कणसं भाजत', 'बसली होती'. चौथ्या तुकड्यात क्रियापद आलंच पाहिजे, मग वाक्य कितीही साधं होवो. चाळीस जणांचं एकच रिंगण करू नका. एकदा बोललेल्या मुलाला एकोणचाळीस जणांची वाट बघावी लागते. सात-सातचे पाच गट आणि पाचाचा एक करा. आठचे गट करायचा मोह होईल, पण आठात क्रियापद प्रत्येक फेरीत त्याच दोघांवर पडतं.

लिंग चुकलं तर मध्येच थांबवू नका. पुढच्याने आपल्या तुकड्यात बरोबर रूप वापरायचं, एवढंच. मराठी शब्द सुचला नाही तर मुलाने घरचा शब्द म्हणावा आणि शेजाऱ्याने त्याचं मराठी सांगून पुढे जावं. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत नाट्यखेळ रचले तेही स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना, म्हणजे वेगवेगळ्या घरच्या भाषांचा गट हा या खेळांना अपवाद नव्हे.

एक मुलगा हमखास तिसऱ्या वाक्यात भूत आणतो. त्याला रागावू नका. भुतावर बंदी घातली तर तो राक्षस आणेल. 'नवं माणूस आणायचं नाही, आहे त्याचंच पुढे काय झालं ते सांगा' हा नियम पहिल्या पाच वाक्यांना लावा.

प्रश्न : मुलगी पाठ केलेलं भाषण छान करते. उत्स्फूर्त वक्तृत्वात चिठ्ठी उघडली की 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' म्हणून गप्प होते. — एक पालक, होटगी रोड

उत्तर : संबोधनापर्यंत पाठांतर तिला नेतं आणि तिथे सोडून देतं. त्या क्षणी ती 'चांगलं' पहिलं वाक्य शोधत असते, आणि ते शोधणंच तिला अडवतं. म्हणून नियम : संबोधनानंतरच्या पहिल्या वाक्यात डोळ्यांना दिसणारी एक वस्तू हवी. ती साधीच असावी.

सरावाला दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलत राहण्याचा खेळ घ्या. बीबीसी रेडिओवर तो १९६७ पासून कार्यक्रम म्हणून चालतो. अडखळायचं नाही, तोच शब्द पुन्हा नाही, विषय सोडायचा नाही. हे तिन्ही पहिल्याच दिवशी लादलं तर पोरगी दहा सेकंदांत रडकुंडीला येते. आधी फक्त थांबायचं नाही, तेही वीस सेकंद. ते जमलं की चाळीस सेकंद, आणि 'म्हणजे', 'तर' ही पालुपदं बंद. पुनरुक्तीची बंदी शेवटी, साठ सेकंदांना, आणि ती नामांना नि मुख्य क्रियापदांना लावा. 'आहे', 'आणि', 'तो' मोकळे सोडा, नाहीतर मराठीत वाक्यच होणार नाही.

चिठ्ठ्या घरीच करा. 'पर्यावरण', 'जीवन' असले विषय सुरुवातीला नकोत, कारण त्यांत धरायला काही नसतं. 'शेंगाचटणी' द्या : कुटतं कोण, आवाज कसा, हाताला काय चिकटतं, तिखट जास्त झालं की घरात कोण काय म्हणतं? 'चादर', 'यंत्रमाग', 'गड्डा यात्रेतला पाळणा' हेही चालतील. मोठा विषय आला तरी तिने हीच खोड ठेवावी : 'पर्यावरण' म्हणजे आपल्या गल्लीतलं कडुलिंबाचं झाड.

प्रश्न : आम्ही मित्र रविवारी जमून 'हो, आणि...' हा खेळ करतो. समोरचा म्हणेल ते मान्य करून पुढे भर घालायची. मजा येते, पण गोष्ट कुठेच पोचत नाही. — जुळे सोलापूर

उत्तर : कारण तुमची भर नुसती 'आणि मग'ची आहे. रिक्षा आली, मग हत्ती आला, मग विमान आलं. यातलं एक काढलं तरी काही बिघडत नाही. आठ दिवस 'मग' बंद करा आणि वाक्य 'त्यामुळे'ने सुरू करा. सांगाडा असा : रोज..., एके दिवशी..., त्यामुळे..., त्यामुळे..., शेवटी..., तेव्हापासून...

उदाहरणार्थ : रोज रात्री शेजारी माग खडखडायचा. एके दिवशी तो बंद पडला. त्यामुळे सवय झालेलं बाळ झोपेना. त्यामुळे आजीने दोन ताटं वाजवून अख्खी गल्ली जागी केली. शेवटी गल्लीनेच वर्गणी काढून मागाची मोटार दुरुस्त केली. तेव्हापासून माग बंद पडला की मालकाच्या आधी शेजारी धावतात.

सहाजण असाल तर एकेक पायरी वाटून घ्या. 'शेवटी' म्हणणाऱ्याने नवीन काही आणायचं नाही. आधी आलेल्या वस्तूंमधूनच सुटका करायची. तो ऐकत नसेल तर इथेच पकडला जातो. आणि 'हो'चा अर्थ गोष्टीतली घटना मान्य, एवढाच. चेष्टा कुणाच्या जातीवर, दिसण्यावर गेली तर सरळ थांबवा.

प्रश्न : आजी-नातवंडांना एकत्र खेळता येईल असं काही? — बाळीवेस

उत्तर : भेंड्याच, पण संभाषणाच्या. आधीच्याचं वाक्य ज्या अक्षराने संपेल त्याने आपलं वाक्य सुरू करायचं. मराठी वाक्यं 'आहे', 'नाही'वर संपतात, म्हणजे 'ह' नि 'ह'चाच मारा होईल. म्हणून ही दोन्ही शेवटी आली तर त्यांच्या आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर धरा. 'ण' आलं तर 'न', 'ळ' आलं तर 'ल' घ्यायचं, आणि हे खेळ सुरू होण्याआधीच ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर आजी ऐकणार नाहीत.