सावली आखूड होण्याआधी: हिवाळ्यातल्या पायवाटांविषयी वाचकांचे प्रश्न

तुळशीचे लग्न आटोपले की डोंगरवाटांबद्दलची पत्रे येऊ लागतात. या खेपेच्या बहुतेक पत्रांत स्वेटर आणि कानटोपीची चौकशी आहे. पाणी आणि घड्याळ यांची चौकशी एखाद्यानेच केली आहे. गोव्यात हिवाळ्यात चालायचे तर तयारी उन्हाची करावी लागते. म्हणून पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे.

आम्ही चौघे दर रविवारी डोंगर चढतो. सकाळी नऊला निघतो. हवा छान असते, घामही फारसा येत नाही. तरी साडेबारा-एकला दोघांचं डोकं ठणकायला लागतं, मळमळतं. परवा एकाने तिथेच दीड लिटर पाणी एका दमात प्यायलं, तरी बरं वाटलं नाही. कुठे चुकतंय? (एक वाचक, फोंडा)

निघण्याची वेळ चुकते आहे, आणि घाम येत नाही हा समजही चुकीचा आहे.

डिसेंबर-जानेवारीत पणजीत पहाटे २० अंशांच्या आसपास असलेला पारा दुपारी ३१-३२ वर जातो. पडवीत बसलेल्याला ते सुखाचे वाटते, पाठीवर ओझे घेऊन चढणाऱ्याला नाही. त्यात गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही इथला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ५१ अंश वर येतो; दिल्लीत त्या दिवशी तो ३८ अंशांवरच राहतो. उत्तरेकडच्या डोंगरांसाठी लिहिलेले हिवाळी सल्ले म्हणूनच इथे उपयोगी पडत नाहीत.

आता घामाचे. सकाळी घाटाकडून समुद्राकडे कोरडा वारा वाहतो. घाम सुटतो, पण अंगावर थांबत नाही, लगेच वाळतो. शर्टाच्या पाठीवर पांढरे पट्टे दिसले तर ते मीठ आहे, आणि तेवढे पाणी तुमच्या अंगातून गेलेले आहे. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की जिवाला बरे वाटते. मात्र घाटाकडचा वारा जोरदार असेल त्या दिवशी समुद्रावरचा वारा उशिरा येतो आणि तोच दिवस सगळ्यात जास्त तापतो. सत्तरी-सांगेच्या आतल्या भागात तर तो पोहोचेपर्यंत दुपार कलू लागलेली असते.

जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. साडेसहाला पायथ्याशी पोहोचा, उजाडू लागताच चढायला लागा. थांबायचे कधी हे सावलीवरून ठरवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की उघड्यावरचे चालणे बंद. डिसेंबरच्या अखेरीस हे सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात होते. फेब्रुवारीच्या मध्यावर साडेदहा ते तीनपर्यंत. फेब्रुवारीत दुसरीही अडचण असते. ऐन-किंदळासारख्या झाडांची पाने गळू लागतात आणि डिसेंबरात गर्द सावलीची वाटलेली वाट उघडी पडते. त्याच वाटेला तेव्हा पाणी जास्त न्यावे लागते.

पाणी सपाटीला तासाला अर्धा लिटर, चढाला पाऊण लिटर धरा. पाच तासांच्या फेरीला माणशी तीन लिटर, वर अर्धा लिटर राखीव. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्यावेत. तहान लागेपर्यंत थांबून मग एका दमात पिणे हीच तुमच्या मित्राची चूक. मीठ गेलेल्या शरीरात नुसते पाणी ओतले की रक्तातले मीठ आणखी पातळ होते, आणि मळमळ व डोकेदुखी वाढते. तीनपैकी एक लिटर मिठासाखरेचे ठेवा: ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचे, अर्ध्या बाटलीत नाही. घरी करायचे तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. कोकमाचे आगळ घरात असेल तर उत्तमच. पेलाभर पाण्यात दोन मोठे चमचे पुरे, त्यात मीठ असतेच.

डोके ठणकू लागले तर ‘थोडेच राहिले आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. सावलीत आडवे व्हा, मान व काखा ओल्या करा, मिठासाखरेचे पाणी घोट घोट घ्या आणि अर्ध्या तासाने उतरायला लागा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला तर तो उष्माघात आहे. अंगावर पाणी ओतून वारा घालणे आणि १०८ ला फोन, दोन्ही एकाच वेळी.

पाच वर्षांपूर्वी घेतलेले महागडे बूट, जेमतेम दहा वेळा वापरलेले. यंदाच्या पहिल्याच फेरीत दोन्ही तळ सुटून आले. गोंद खराब होता का? (एक वाचक, पर्वरी)

गोंदाचा दोष कमी, कपाटाचा जास्त. पुष्कळ बुटांत तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा फेस असतो. दमट हवेत पाण्याची वाफ त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडते, आणि बूट वापराविना पडून राहिले की हे अधिक घडते. गोव्याचा चार महिन्यांचा पावसाळा, बंद कपाट, वर प्लास्टिकची पिशवी: याहून वाईट साठवण नाही. फेसच कुजलेला असल्याने पुन्हा चिकटवूनही टिकत नाही.

दर नोव्हेंबरात टाचेवरचा फेस अंगठ्याने जोरात दाबून पाहा. भुगा पडला, भेग दिसली किंवा खळगा परत भरला नाही तर ते बूट डोंगरावर नेऊ नका. पावसाळ्यात जोडी उघड्यावर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि पंधरवड्यातून एकदा तासभर घालून फिरा. पिशवीत दोन मीटर नायलॉनची दोरी असू द्या; तळ सुटलाच तर पायावरून आडवी-उभी बांधून उतरता येते. नवे घेताना खोल दात असलेला तळ पाहा. जांभ्याच्या उतारावर सुटे गोल खडे असतात, त्यांच्यावर गुळगुळीत तळ गोट्यांवर ठेवल्यासारखा सरकतो. उतरताना गुडघे किंचित वाकवून, लहान पावले.

फेब्रुवारीत महाविद्यालयाच्या पंचवीस मुलांना सत्तरीत न्यायचं आहे. पालक माकडतापाबद्दल विचारतात. भीती खरी आहे का? (एक प्राध्यापिका, म्हापसा)

खरी आहे, आणि पालकांनी विचारले हे चांगले झाले. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात सापडला. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ पासून रुग्ण आढळले. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याचा विशेष त्रास झाला. तो पसरतो गोचिडीमुळे, माणसाकडून माणसाला लागत नाही. गोचिडीची तिळापेक्षा लहान पिल्ले याच कोरड्या महिन्यांत पालापाचोळ्यात सर्वाधिक असतात. म्हणजे चालण्याचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकच.

निघण्याच्या आठवडाभर आधी वाळपईच्या आरोग्य केंद्रात विचारा, त्या गावात यंदा रुग्ण किंवा मेलेली माकडे आढळली आहेत का. आढळली असतील तर जागा बदला, तारीख नको.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि फिकट रंगाचे, म्हणजे गोचीड दिसते. पँट मोज्यात खोचलेली. मुले याला हसतील. खोचल्याशिवाय बसमधून उतरू देऊ नका. गोचीड दूर ठेवणारे डीईईटी हे रसायन २० ते ३० टक्के असलेले मलम उघड्या कातडीवर, फवारा मोजे आणि बुटांवर. उन्हाचे मलम आधी, ते जिरल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी हे. पाचोळ्यावर कुणी बसायचे नाही. उघडा कातळ शोधायचा किंवा जाड प्लास्टिक अंथरायचे. पाळीव कुत्रा सोबत नको. मेलेले माकड दिसले तर लांबूनच मागे फिरा आणि वन खात्याला कळवा.

परतल्यावर कपडे गरम पाण्यात, अंघोळ घासून, आणि अंग नीट तपासणे: गुडघ्यामागे, जांघेत, कमरपट्ट्याखाली, काखेत, कानामागे, केसांत. गोचीड चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडी, नखाने चिरडणे यांतले काहीही करू नका. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोके आणि अंग ठणकणे, उलट्या असे झाले तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा: सत्तरीच्या जंगलात गेलो होतो. पालकांना द्यायच्या कागदावर हे वाक्य ठळक छापा.

गोव्यातले सर्वांत उंच शिखर सोसोगड म्हादई अभयारण्याच्याच भागात आहे. पंचवीस नवख्या मुलांना तिथे नेऊ नये. अभयारण्यातल्या कुठल्याही वाटेला वन खात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या हवा. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलाला लागलेल्या आगी आठवा. चूल, शेगडी, विडी काहीही नको, डबा घरून.

कुळ्याहून रुळांच्या कडेने दूधसागरला चालत जाता येतं का? (एक वाचक, मडगाव)

नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय घाटातले बोगदे अरुंद आहेत आणि वळणांमुळे गाडी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. कुळ्याहून परवानगीच्या जीपने जा, तेही डिसेंबर संपायच्या आत. नंतर पाणी रोडावत जाते.

आठ आणि अकरा वर्षांची मुलं आहेत. मोबोरपासून किनाऱ्याने कोलव्यापर्यंत चालावं म्हणतो. (एक वाचक, नावेली)

मोबोर ते वेळसांव हा सलग पुळणीचा पट्टा सुमारे २५ किलोमीटरचा. त्यातला कोलव्यापर्यंतचा भागही आठ वर्षांच्या मुलाला फार आहे. वार्का ते बाणावली एवढेच ठरवा.

ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते. भरतीला कोरड्या, भुसभुशीत वाळूत जावे लागते आणि मेहनत दीडपटीहून जास्त पडते. मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहून ओहोटी पूर्ण व्हायच्या दोन तास आधी निघा. ती वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे सकाळची ओहोटी मिळणारे रविवार मोजकेच. कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. चाल दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवा. हिवाळ्यात सकाळचे ऊन आग्नेयेकडून येते, ते मग डोळ्यांत न जाता पाठीवर येते; मान झाकणारी टोपी मात्र हवी. पुळण समुद्राकडे उतरती असल्याने एकच पाय सतत खाली पडतो आणि घोटा दुखतो. अर्ध्या तासाने थोडे वर सपाटीवर येऊन पाय सरळ करू द्या.

हरमल-केरीच्या खडकाळ टोकाला हा बेत करू नका. तिथे उधाणाची भरती वाट अडवते. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवांच्या विणीसाठी कुंपण घातलेली जागा दिसली तर लांबून वळसा घ्या.

आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे बेताचे. चढ नको, पण मोकळं चालायचंय. (एक वाचक, डिचोली)

दिवाडी बेट. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे जा, शेतांमधल्या सपाट रस्त्याने पिएदादपर्यंत आणि तिथून नार्व्याच्या फेरीपर्यंत. एकूण सहा किलोमीटरच्या आत-बाहेर. पिएदादजवळची टेकडी वळसा घालून टाळता येते. नार्व्याला उतरलात की सप्तकोटेश्वराचे देऊळ. मूळचे दिवाडीवरचे हे दैवत पोर्तुगीज काळात इथे आले, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार करवला. डिचोलीकरांना घरीही तिथूनच जवळ.

खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांच्या, बांधावरून चालायचा मोह होईल. बांधावर सावली नसते आणि खेकड्यांनी आतून पोखरल्याने कडा ढासळतात, म्हणून आईंना बांधाच्या मधोमधच चालवा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. त्या बाजूला पाण्यालगत बसू नका, पाय बुडवू नका. फेरीला पायी उतारूंना तिकीट नाही. साडेसातची फेरी धरा. दहापर्यंत देवळात पोहोचाल.