१९७१ची होंडा सीबी३५० मिळाली आहे, दहा वर्षं बंद होती. कॅफे रेसर (खाली झुकलेला हँडल आणि एकट्याची छोटी सीट असलेली गाडी) करायची आहे, पण याआधी कधी गाडी उघडलेली नाही. सुरुवात कुठून करू?

ग्राइंडर बाजूला ठेवा आणि आधी गाडी आहे त्याच रूपात चालती करा. जुनी सीट, जुना हँडल, जुना एअर फिल्टर बॉक्स, सगळं तसंच राहू द्या. स्वतःच्या ताकदीवर चालली, गिअर नीट पडले, ब्रेक लागले, चार्जिंग झालं की मगच कापाकापीचा विचार करा. पहिल्यांदाच काम करणाऱ्यांच्या बहुतेक गाड्या अर्धवट पडून राहतात, कारण सीट कापलेली असते, वायरिंग नवीन असतं, फिल्टर बदललेला असतो, सायलेन्सरही बदललेला असतो, आणि गाडी सुरू होत नाही. अशा वेळी दोष नेमका कुठल्या बदलात आहे हे शोधणं अनुभवी माणसालाही जड जातं.

हात लावण्याआधी फ्रेमवरचा आणि इंजिनवरचा नंबर कागदपत्रांशी ताडून बघा. फ्रेम किंवा दिव्यांमध्ये कोणते बदल चालतात हे तुमच्याकडच्या नोंदणीच्या नियमांत आत्ताच वाचून घ्या. मूळ वर्कशॉप मॅन्युअलही मिळवा. खाली दिलेले आकडे सुरुवातीला उपयोगी पडतील, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचाच.

हत्यारांपैकी एकाबद्दल आधीच सांगायला हवं. या गाडीचे स्क्रू साध्या फिलिप्सचे वाटतात, पण ते जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस आहेत. फिलिप्सचा पेचकस त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस पेचकस आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. त्याशिवाय फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), मल्टिमीटर, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना) आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं) लागेल. प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो काढा, आणि त्याचे बोल्ट वेगळ्या पिशवीत नाव लिहून ठेवा.

आता इंजिन. पटकन किक मारू नका. दोन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा आणि एक दिवस थांबा. मग डावीकडच्या कव्हरमधून अल्टरनेटरच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर करू नका, कारण पिस्टनच्या रिंग गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, आणि किकवर उभं राहिलं तर रिंग किंवा किकचे दाते तुटतात. पुन्हा तेल भरा, आठवडाभर मुरू द्या, आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत राहा. तरीही नाही सुटलं तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढावंच लागेल.

इंजिन मोकळं फिरतंय? मग जुनं तेल काढा. या मॉडेलमध्ये कागदी फिल्टर नाही. उजव्या कव्हरमागे गोल गोल फिरून घाण बाहेर फेकणारा सेंट्रीफ्यूगल फिल्टर असतो, आणि त्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षांचा चिकट गाळ घट्ट बसलेला असतो. तो खरवडून काढला नाही तर नवं तेल भरून फारसा उपयोग नाही. साधारण २ लिटर तेल लागतं. ते मोटरसायकलचं, जेएएसओ एमए (ओल्या क्लचसाठीचं जपानी मानक) खूण असलेलं घ्या. क्लच तेलातच बुडलेला असतो, आणि कारसाठीच्या काही तेलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट, थंड इंजिनवरच तपासायचे: इनटेक ०.०५ मिमी, एक्झॉस्ट ०.१० मिमी. टॅपेटचा आवाज येणं तितकं वाईट नाही, घट्ट टॅपेट जास्त घातक. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि कड जळते. त्यानंतर दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरमधला फरक साधारण १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कमी असलेल्या बाजूला एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगांची झीज, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मात्र बंद पडलेल्या गाडीचा पहिला आकडा अंतिम धरू नका. व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसलेला हलका गंज थोडं चालल्यावर निघून जातो, आणि आकडा सुधारतो.

सगळ्यात जास्त वेळ टाकी आणि कार्ब्युरेटरला द्या. न सुरू होणाऱ्या जुन्या गाडीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, कॉक काढून भोक बंद करा. प्रति लिटर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि १२ ते २४ तास ठेवा. पापुद्रे जाड असतील तर आधी मूठभर स्टीलचे नट टाकून हलवा, मग मोजून बाहेर काढा. ओतल्यावर लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा, गरम हवेने वाळवा. इथे ढिलाई केली तर तासाभरात नारिंगी गंज पुन्हा धरतो. वाळल्या-वाळल्या आत थोडं तेल फिरवून पातळ थर द्या. टाकीला भोक असेल तर स्वतः वेल्डिंग करू नका. वर्षभर रिकाम्या पडलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि तिचा स्फोट होतो.

दोन्ही कार्ब्युरेटर एकेक करून उघडा, म्हणजे दुसरा नमुना म्हणून समोर राहील. पायलट स्क्रू (आयडलचं, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालतं तेव्हाचं मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत बसवा, किती वळणं लागली ते लिहा, मगच काढा. रबरी भाग आणि स्लाइडचा (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या भागाचा) पडदा क्लीनरमध्ये टाकू नका, ते फुगतात. पडदा दिव्यासमोर धरून बघा. सुईएवढं भोक असलं तरी स्लाइड वर उचलली जात नाही आणि गाडी मध्येच दम तोडते. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं आणि पेट्रोलच्या राळेने हमखास बुजतं. त्यात पोलादी तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट निकामी. वायरमधली तांब्याची एकच तार, क्लीनर आणि दाबाची हवा, एवढं पुरतं. जेटमधून आरपार उजेड दिसला म्हणजे काम झालं असं नाही, कार्ब्युरेटरच्या अंगातल्या मार्गांमधूनही फवारा दुसऱ्या टोकाला निघायला हवा. फ्लोटची (वाडग्यातल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची मोजा, वाडग्याच्या गॅस्केट बदला. कार्ब्युरेटर आणि हेडमधले रबरी जोड कडक होऊन भेगाळलेले असतील तर तेही बदला. तिथून शिरणारी हवा मिश्रण पातळ करते, आणि मग कितीही ट्यूनिंग केलं तरी आयडल स्थिर राहत नाही.

ठिणगीकडे वळा. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला वेगळे पॉइंट (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि वेगळी कॉइल आहे, त्यामुळे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, दोन्ही बाजूंचं स्वतंत्र लावायचं. पॉइंटची फट ०.३ ते ०.४ मिमी. पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने साफ करून शेवटी कोऱ्या कागदाने पुसा, तेलाचा अंश राहिला की ते पुन्हा जळतात. आधी फट, मग टायमिंग, कारण फट बदलली की टायमिंगही सरकतं. ठिणगी पिवळसर आणि अशक्त असेल तर लगेच कॉइल घेऊ नका. इग्निशन चालू, पॉइंट मिटलेले (एकमेकांना टेकलेले), अशा स्थितीत बॅटरीचं प्लस टोक आणि कॉइलचं प्लस टोक यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. ते अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी हवं. १ व्होल्टच्या वर गेलं तर जुनी की-स्विच, किल-स्विच आणि गंजलेले जोड वाटेत वीज खात आहेत. ते साफ केले की अनेकदा जुनीच कॉइल ठणठणीत निघते.

गाडी सुरू झाली की दोन्ही कार्ब्युरेटर व्हॅक्यूम गेजने एकसारखे लावा, आणि इंजिन ४,००० आरपीएमच्या वर फिरवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट येतात का बघा. १५च्या वर गेले तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडला आहे. आणखी एक: जुन्या रेग्युलेटरवर लिथियम बॅटरी लावू नका. सीटखाली लहान डबा बसवायचा म्हणून लोक ती निवडतात, पण जास्त व्होल्टेज तिला सोसत नाही आणि ती पेट घेऊ शकते.

चालवून बघण्याआधी टायर आणि ब्रेक. टायरवरच्या तारखेच्या संकेतात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा, नक्षी कितीही खोल असो, तो काढाच. मूळ माप पुढे ३.००-१८, मागे ३.५०-१८. ब्रेक दोन्हीकडे ड्रम आहेत. शूचा लायनर कडेने सुटत नाही ना हे नखाने तपासा, कारण जुना गोंद सुटला तर लायनर चाक जाम करतो. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं बांधून टाका.

आता कॅफे रेसर. पहिला नियम असा की रंग सगळ्यात शेवटी. आधी सगळी गाडी उघड्या पत्र्यावर, रंगाशिवाय पूर्ण जोडायची: सीट, हँडल, दिवे, बॅटरीचा डबा, एकूण एक ब्रॅकेट. ती चालवायची, मग पूर्ण खोलायची आणि रंगाला द्यायची. रंगानंतर एकच ब्रॅकेट आठवलं तरी वेल्डिंगने ताजा रंग जळतो.

फ्रेमचा मागचा भाग कापताना शॉकच्या वरच्या बोल्टच्या पुढे हात लावू नका. स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) सगळा भार तिथेच येतो. कापण्याआधी दोन्ही शॉक काढा, मागचं चाक वर उचलून शॉक पूर्ण दबल्यावर येईल त्या उंचीला टेकवा, आणि तिथून सीटच्या तळापर्यंत व वळवलेल्या पाइपपर्यंत जागा मोजा. हे न करता बसवलेली सीट पहिल्याच खड्ड्यात टायरला घासते. नवा पाइप मूळ पाइपच्याच बाहेरच्या व्यासाचा घ्या. जोडात आतून घट्ट बसणारा पाइपचा तुकडा घाला, फ्रेमला भोकं पाडून तिथून तो तुकडा वेल्ड करा, मग कड वेल्ड करा. वेल्डिंग शिकून घ्यायला वेळ नसेल तर फक्त मोजमाप आणि टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) तुम्ही करा, पक्का जोड जाणकाराकडून घ्या. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग कधीही करू नका, त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कच्या दोन नळ्यांना वेगवेगळं बसणारं) लावलं की ते पूर्ण वळवल्यावर टाकीला आपटतं का बघा, आणि दोन्ही टोकांना थ्रॉटल सोडताच आपोआप बंद होतो का तेही. केबल जास्त लांब राहिली की वळताना वाकते आणि आयडल वाढतं. ही चूक रस्त्यावरच कळते, आणि तीही नको त्या क्षणी.

एअर बॉक्स काढून सुटे पॉड फिल्टर (प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडावर थेट बसणारे) लावायचा मोह या गाडीवर टाळा, असं माझं ठाम मत आहे. इथल्या कार्ब्युरेटरची स्लाइड हवेच्या दाबातल्या फरकावर उचलली जाते, आणि एअर बॉक्सने शांत केलेली हवा तिला लागते. बॉक्स गेला की मधल्या थ्रॉटलवर गाडी अडखळते, मिश्रण पातळ होतं, जेट बदलत राहावे लागतात. त्यातच स्वस्त पॉडची रबरी कड कार्ब्युरेटरच्या तोंडावरची छोटी हवेची भोकं झाकून टाकते. सीटखालची मोकळी त्रिकोणी जागा दिसायला सुंदर असते हे खरं, पण ती हवी असेल तर गाडी उत्तम चालू लागल्यावर, एकटा तोच बदल करा.

वायरिंग नव्याने करायचं तर मुख्य फ्यूज बॅटरीजवळ १५ अँपिअरचा ठेवा. ५५ वॉटचा हेडलाइट सुमारे साडेचार अँपिअर ओढतो, त्याला १.२५ चौरस मिमी वायर पुरते; इंडिकेटरला ०.७५ चालते. एलईडी इंडिकेटर लावले तर जुना फ्लॅशर त्यांच्या कमी करंटवर लुकलुकतच नाही, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो.

फ्रेम पावडर कोटिंगला देताना बेअरिंगच्या बैठका, सगळ्या आट्या, इंजिन माउंट आणि अर्थिंगची जागा झाकून घ्या. फ्रेम नंबरवर जाड थर बसू देऊ नका, तो वाचता यायला हवा. जोडल्यावर गाडीत अचानक वीजच नसेल तर आधी अर्थिंगखालची पावडर खरवडा. स्टिअरिंगमध्ये सुट्या गोळ्या असतात, खोलताना खाली कापड पसरा. त्याजागी टेपर्ड रोलर बेअरिंग बसवता येतं, आणि बसवावंच.

जोडताना अॅल्युमिनियमच्या आट्यांची काळजी घ्या: एम६ साधारण १० न्यूटन-मीटर, एम८ साधारण २० ते २५. स्टेनलेस बोल्ट वापरलात तर अँटी-सीझ लावा, नाहीतर दोन धातू एकमेकांना धरतात आणि पुढच्या वेळी बोल्टसोबत आट्याही बाहेर येतात. पहिल्या ५० किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा, स्पोक आणि चेन ताणून बघा. ५०० किलोमीटरला तेल बदला, सेंट्रीफ्यूगल फिल्टर उघडून त्यात धातूचे कण आहेत का बघा, आणि टॅपेट पुन्हा मोजा.