कॅन्सर-मदतीचा फुटबॉल सामना ठेवताना

गर्दीची चिंता सोड रे, फोंड्यात फुटबॉल म्हटलं की माणसं आपसूक येतात. डोकं लाव ते हिशेबात. पैसे कोणाला जाणार, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) उपचार घेणाऱ्या रुग्णाला की एखाद्या संस्थेला, हे आधी ठरव आणि पावतीवरच छाप. संस्था असेल तर तिची ८०जी नोंदणी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळते ती) बघून घे. ₹२००० वरची देणगी चेकने किंवा यूपीआयने माग, रोखीला करसवलत मिळत नाही. क्यूआर कोड क्लबच्या खात्याचा लाव, खजिनदाराच्या नव्हे (भांडणं तिथूनच लागतात). लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. आणि रुग्णाला मैदानावर आणून हार घालायचा हट्ट कमिटीत कोणी धरला, तर सरळ नाही म्हण. केमो चालू असताना गर्दीतली साधी सर्दीही महागात पडते.