किराण्याचा प्रश्न आठशे रुपयांचा, कार्डाचा साडेसहा हजारांचा

नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "वय ३८. अंबडला कंपनीत नोकरी, हातात ७२,००० येतात. घराचा हप्ता २४,०००. मुलगी चौथीत. महिन्याचा १३,००० चा किराणा मोठ्या सुपरमार्केटमधून भरतो. बायकोचं म्हणणं, हे मोठे लोक गल्लीतली दुकानं बसवणार, शेतकऱ्यालाही पिळणार. यापुढे सामान कॉलनीतल्या दुकानातून आणि भाजी शेतकऱ्याकडून घ्यायची. तिच्या हिशेबाने १४,८०० लागतील. मला वाटतं, तेच १,८०० दरमहा डीमार्टच्या शेअरमध्ये टाकले तर १५ टक्क्यांनी वीस वर्षांत २७ लाख होतील. नाहीतरी आपण त्यांना पैसे देतोच, मग नफ्यात वाटा का नको? बाकी सगळं व्यवस्थित आहे. कार्डावर १,४०,००० थकलेत, पण मिनिममपेक्षा कितीतरी जास्त, दरमहा २०,००० भरतो. किराणाही कार्डावरच घेतो, पॉइंट मिळतात. अडीअडचणीला एक लाखाची एफडी आहे, आणि बँकेतून घेतलेली गॅरंटीड सेव्हिंग पॉलिसी: वर्षाला ४८,०००, दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी ८ लाख. बायकोचं ऐकावं का?"

ऐका. त्याचा हिशेब खाली देतो. पण आधी "बाकी सगळं व्यवस्थित आहे" या वाक्याकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य तेच आहे.

तुम्ही २०,००० भरता. त्यातले १३,००० त्या महिन्याच्या नव्या किराण्याचे. उरले ७,०००. तुमच्या स्टेटमेंटवर व्याज महिन्याला ३.६ टक्के छापलंय. १,४०,००० वर ते ५,०४० होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून साधारण ५,९५०. म्हणजे उरले हजार-अकराशे. आता कार्डाचा जो नियम बहुतेकांना ठाऊक नसतो तो पाहा. मागचं बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत जाते. मग साखर, डाळ, साबण, सगळ्यावर कार्ड घासलं त्या दिवसापासून व्याज लागतं. १३,००० वर ते महिन्याकाठी साडेपाचशे. म्हणजे २०,००० भरून कर्ज उतरतं पाचशे रुपयांनी. या चालीने ते फिटायला पाच वर्षं लागतील आणि १,४०,००० पोटी तुम्ही चार लाखांच्या आसपास भराल.

पॉइंट? टक्काभर धरले तर १३,००० वर १३० रुपये. साडेसहा हजार द्यायचे, एकशेतीस घ्यायचे आणि वर खूश व्हायचं.

"वेळेवर भरतो म्हणून सिबिल चांगला आहे" असंही तुम्ही लिहिलंय. असेल. बँकेच्या नजरेत तुम्ही उत्तम गिऱ्हाईक आहात, यात शंकाच नाही.

आता एफडी. तिच्यावर साडेसहा टक्के मिळतात, वर्षाला ६,५००. कार्ड तुमच्याकडून तेवढेच एका महिन्यात घेतं. अडीअडचणीचे पैसे मोडायचे नसतात हे खरं, पण तुमची अडचण आलेली आहे आणि ती दर महिन्याला बिल पाठवते. एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड लागेल, बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर, तो सोसा. थकबाकी राहिली ४०,०००.

पॉलिसीचं पाहू. दहा वर्षांत ४,८०,००० भरून पंधराव्या वर्षी ८ लाख, "जवळपास दुप्पट" असं तुम्हाला सांगितलं गेलं. वर्षाचा परतावा काढला तर पाच टक्क्यांच्याही किंचित आत येतो. गॅरंटी आहे खरी, फक्त ती एफडीपेक्षा कमी मिळण्याची आहे. विमा किती? ४,८०,०००. म्हणजे उद्या तुमचं काही झालं तर वीस महिन्यांचा घरहप्ता. करबचतीचा मुद्दाही आता उरत नाही: २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर नाही, आणि तिथे हप्त्यावर सवलत देणारं ८०सी कलम लागूच होत नाही. एफडी करायला गेलेल्या माणसाच्या हाती हे कागद देणाऱ्यांबद्दल जे म्हणायचंय ते छापण्याजोगं नाही.

पॉलिसी जानेवारी २०२४ ची, दोन हप्ते गेलेत, तिसरा येत्या जानेवारीत. तो भरू नका. पण क्रम चुकवू नका. आधी एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा. तुमच्या वयाच्या, तंबाखू-सिगारेट नसलेल्या माणसाला वर्षाला पंधरा-वीस हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात साखर, रक्तदाब, जुनं ऑपरेशन, काहीही लपवू नका. दावा अडतो तो तिथेच. ती पॉलिसी हातात आली की जुन्या पॉलिसीच्या कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आत्ता बंद केली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते न भरता चालू ठेवली तर मुदतीनंतर मिळणारे), दोन्ही आकडे लेखी मागा. दोन हप्त्यांनंतर सरेंडरची हमी भरलेल्या रकमेच्या ३० टक्क्यांची, म्हणजे ९६,००० पैकी २८,८००. प्रत्यक्षात थोडी जास्त मिळू शकते. एरवी पेड-अप करून ठेवा म्हटलं असतं. पण कार्डाचं व्याज जीएसटी धरून वर्षाला पन्नास टक्क्यांच्या घरात असताना हातात आलेले २८,८०० महिन्याला बाराशे रुपये वाचवतात. सरेंडर करा आणि कार्डात भरा.

४०,००० मधून तेही गेले. राहिले अकरा-साडेअकरा हजार. दरमहा जे ७,००० कर्जापोटी जातातच, त्यांत ते दोन महिन्यांत संपतील. पाच वर्षांऐवजी दोन महिने, शिवाय टर्मचे कागद यायला लागतील ते दिवस.

इथे लोक हमखास घसरतात त्या दोन जागा सांगतो. "शून्य" दिसल्यानंतरच्या बिलात पुन्हा काही शे रुपये व्याज येतं. ते स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं असतं. चिडून तसंच सोडू नका, तेही भरा, नाहीतर बिनव्याजी मुदत परत येत नाही. आणि मधल्या काळात कार्ड कपाटात. किराणा यूपीआयने किंवा रोखीने. बँकेतून "थकबाकी ईएमआयमध्ये करून देतो" असा फोन येईल, त्याला नाही म्हणा. तुम्हाला त्याची गरज नाही. या काळात खरंच दवाखाना निघाला तर मोकळी झालेली कार्डाची मर्यादा आहे. नंतर तेच ७,००० आरडीत टाकून चौदा-पंधरा महिन्यांत लाख परत उभे करा.

शेअरचं लवकर उरकतो. डीमार्टचं पहिलं दुकान पवईत २००२ मध्ये निघालं, शेअर मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना आला आणि ज्यांनी तेव्हा घेतला त्यांचं भलं झालं. पुरवठादाराला लवकर पैसे देऊन भाव पाडून घ्यायचा, जागा शक्यतो स्वतःची ठेवायची, हे गणित कंपनीला जमलं. पण हे सगळ्या बाजाराला माहीत आहे आणि ते भावात धरलेलं आहे. ऑक्टोबर २०२१ चा उच्चांक पुढची तीन वर्षं ओलांडला गेला नाही. चांगलं दुकान आणि चांगल्या भावातला शेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २७ लाखांचं म्हणाल तर १५ टक्के कुणीही तुमच्या नावाने लिहून ठेवलेले नाहीत. दहा टक्क्यांनी साडेतेरा लाख होतात आणि सहा टक्के महागाई धरली तर आजच्या भावात सव्वाचार लाख. तेही पन्नास टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून.

आता वहिनींचा मुद्दा. तुम्ही पाठवलेलं बिल मी वाचलं. धान्य, डाळी, तेल, साखर, चहा ६,२००. साबण, पावडर, पेस्ट १,९००. बिस्किटं, वेफर्स, नूडल्स, थंड पेयं २,३००. टी-शर्ट, चादर, प्लास्टिकचे डबे १,७००. भाजी-फळं ९००. वहिनींनी पूर्ण १३,००० कॉलनीतल्या भावाने मोजले, म्हणून १,८०० चा फरक दिसतो. कॉलनीतला दुकानदार टी-शर्ट विकत नाही. खरी तुलना पहिल्या दोन ओळींचीच: धान्य-तेलात दहा टक्के जादा धरले तरी सहाशे, साबण-पेस्ट एमआरपीने घेतल्यास दोनशे. आठशे झाले. ट्रॉली ढकलत फिरणं बंद झालं की शेवटचे डबे आणि वेफर्स यांतलेच दोन हजार वाचतील. तत्त्व पाळून पैसे उरतात, असं क्वचितच घडतं.

तत्त्वाबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. ऑस्ट्रेलियात दोन साखळ्यांकडे किराण्याच्या बाजाराचा साधारण दोन-तृतीयांश हिस्सा आहे. ब्रिटनमध्ये पुरवठादारांना संरक्षण द्यायला २०१३ मध्ये स्वतंत्र नियामक नेमावा लागला, आणि त्याने २०१६ मध्ये टेस्कोला पुरवठादारांचे पैसे लांबवल्याबद्दल दोषी धरलं. आपल्याकडे अजून बहुतांश किराणा छोट्या दुकानांतून जातो, त्यामुळे वहिनींची भीती उद्याची असली तरी खोटी नाही. पण कॉलनीतल्या दुकानातली तूरडाळ घेतल्याने शेतकऱ्याला आपोआप जास्त मिळत नाही. तो माल रविवार कारंजाच्या होलसेलरकडून येतो, आणि ऑफर असली की काही दुकानदार स्वतःच मोठ्या सुपरमार्केटातून पोती उचलतात. तिथे तुम्ही टिकवता तो दुकानदार. तेवढं पुरेसं वाटत असेल तर घ्या. डाळ सुटी घ्या. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. त्याच्या वहीत उधारी मांडलीत तर दहा तारखेला चुकती करा. तो व्याज लावत नाही, म्हणून त्याला बँक समजू नका.

शेतकऱ्याच्याच हातात पैसे जावेत असं असेल तर बुधवारी गोदाकाठच्या बाजारात जा. ज्याच्यापुढे पंधरा भाज्या मांडल्यात तो व्यापारी, ज्याच्याकडे मेथी आणि कोथिंबीर एवढंच आहे तो बहुधा शेतकरी. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी हाही मार्ग आहे. नागली, वरई पेठ-सुरगाण्याची, इंद्रायणी इगतपुरीची, ओळखीने मागवता येते. उन्हाळ कांदा एप्रिल-मे मध्ये थेट घ्या. महिन्याला पाच किलो लागत असेल तर ४० किलो. घट आणि सड जाऊन दिवाळीपर्यंत तीसेक हाती लागतील. गोणीत ठेवू नका, वारा लागेल असा पातळ पसरा आणि आठवड्याला सडका निवडा. गहू तिघांना वर्षाला दीड क्विंटल पुरतो. मार्चनंतर घ्या, कडक उन्हात वाळवा आणि पूर्ण निवल्यावरच कोठीत भरा. गरम भरला की आत वाफ धरते आणि पावसाळ्यात किडा होतो. हे पैसे एकरकमी लागतात, दोन्ही मिळून सहा-सात हजार. तेवढे आत्तापासून बाजूला काढत जा, कार्डावर घेऊ नका.