दोन वर्षांचं कंत्राट, वीस वर्षांचा हप्ता

प्रश्न: मी मूळची नाशिकच्या इंदिरानगरची, वय २७. दोन वर्षं दुबईत एका शाळेत गणित शिकवतेय. पगार ६,५०० दिर्‍हम, राहायची सोय शाळेची. २,८०० खर्च होतात, बाकी उरतात. शिल्लक ६ लाख ४० हजार. शैक्षणिक कर्जाचे ४ लाख २० हजार बाकी, व्याज साडेदहा टक्के. काका म्हणतात कर्ज राहू दे, त्याच्या व्याजावर करात सूट मिळते. बाबा म्हणतात पाथर्डी फाट्याला ४५ लाखांचा फ्लॅट बुक कर, सिंहस्थानंतर हात लावता येणार नाही. मला मात्र पळायचंय. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊत यांनी पदक घेतलं तेव्हा मी सातवीत होते, तेव्हापासूनचं वेड. दोन वर्षांत बर्लिन आणि टोकियोची मॅरेथॉन, थोडी भटकंती, असा ५ लाखांचा बेत आहे. चुकतंय का माझं?

उत्तर: पळा. फ्लॅट आत्ता नको. पण या दोन्हींच्या आधी कर्ज मिटवा.

काकांचं म्हणणं नाशिकमध्ये पगार घेणाऱ्याला लागू पडलं असतं. तुम्ही अनिवासी आहात. दुबईतला पगार भारतात करपात्रच नाही, मग व्याजाची वजावट घेणार कशातून? नव्या करप्रणालीत तर ती मिळतही नाही. म्हणजे वर्षाला ४४ हजार व्याज निव्वळ खिशातून चाललंय. कर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर मुदतीआधी फेडायला बँक दंड लावत नाही. एकरकमी भरा आणि ना-हरकत दाखला हातात घ्या. मागे उरतील २ लाख २० हजार. दिर्‍हम २३ रुपये धरला तर तुमचा तीन महिन्यांचा खर्च आणि घरी परतायचं तिकीट एवढ्यात बसतं. या पैशाला हात लावायचा नाही, बर्लिनसाठीसुद्धा नाही.

आता फ्लॅट. बँक ३६ लाख देईल, ९ लाख तुमचे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता येतो ३१,२४० रुपये. स्टँप ड्युटी, नोंदणी आणि बांधकाम चालू असेल तर जीएसटी वेगळा. महिन्याला ८५ हजार वाचवणाऱ्या मुलीला हा हप्ता जड नाही, आणि बाबांचा हिशोब नेमका इथेच थांबतो. तुमचं कंत्राट एका वेळी दोन वर्षांचंच असतं. शाळेने ते वाढवलं नाही तर पगारासोबत व्हिसाही जातो. नाशिकच्या खासगी शाळेत नव्या शिक्षिकेच्या हातात काय पडतं ते मी तुम्हाला सांगायला नको. अख्खा पगार हप्त्यात गेला तरी पुरणार नाही. मस्कतला असलेल्या माझ्या एका क्लायंटने असाच फ्लॅट घेतला होता. नोकरी गेल्यावर आठ महिने हप्ते वडिलांच्या पेन्शनमधून गेले, शेवटी घाईत विकावा लागला. आणि सिंहस्थाचं म्हणाल तर २०१५ च्या आधीही माझ्या टेबलासमोर बसून लोक हेच वाक्य बोलत होते.

पळण्याचा खर्च कोणत्याही महिन्यात थांबवता येतो. म्हणून तो मला परवडणारा वाटतो, मोठा असला तरी. (मी स्वतः पांडवलेणीच्या अर्ध्या पायऱ्यांवर बसून घेणारा माणूस आहे, तेव्हा हे पळणाऱ्याचं प्रेम नव्हे.)

मात्र तुमच्या ५ लाखांत एक खर्च राहिलाय. बर्लिन सप्टेंबरच्या शेवटी, टोकियो मार्चच्या सुरुवातीला. शिक्षकांची भरपगारी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे दोन्ही शर्यती ऐन शाळेच्या दिवसांत. बर्लिनला तीन दिवस, टोकियोला पाच दिवस बिनपगारी धरले तर १,७०० दिर्‍हमच्या वर जातात, जवळपास ४० हजार रुपये. शिकागो ऑक्टोबरात, न्यूयॉर्क नोव्हेंबरात, लंडन आणि बोस्टन एप्रिलमध्ये. मोठ्या शर्यती शाळेचं वेळापत्रक बघून भरत नाहीत. म्हणून वर्षाला एकच मोठी शर्यत ठेवा. बाकी हौस तिथेच भागते: नोव्हेंबरात शेख झायेद रोडवरची दुबई रन फुकट असते, हिवाळ्यात दुबई मॅरेथॉन आहे, फेब्रुवारीत रास अल खैमाची हाफ. घरून डबा बांधून जाता येईल अशा शर्यती आहेत या.

बर्लिनला प्रवेश सोडतीने मिळतो. नंबर लागला नाही की ट्रॅव्हल कंपन्या हॉटेलसकट ‘खात्रीचा’ बिब (छातीवर लावायचा प्रवेशाचा नंबर) विकायला येतात. तो घेऊ नका, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. शेंगेन व्हिसाचे ९० युरो नकार आला तरी परत मिळत नाहीत, तेव्हा विमान आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. प्रवास विम्याची पॉलिसी उघडून बघा, काही पॉलिस्यांमध्ये स्पर्धेत झालेली दुखापत धरत नाहीत.

पुढच्या महिन्यापासून २० हजार पळण्यासाठी वेगळ्या खात्यात. ४५ हजार एनआरई खात्यातून (परदेशातल्या कमाईचं खातं) एसआयपी आणि ठेवीत, तेच पुढे कधीतरी फ्लॅटचं डाउन पेमेंट होतील. उरलेल्या २० हजारांतून आधी आई-बाबांचा आरोग्य विमा. बीपी-शुगरसारख्या जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ते घड्याळ आजच सुरू करा. नाशिकचं जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या पैशाचं खातं) करून घ्या. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालेल, पुढे वाढवता येणार नाही. दुबईतल्या ग्रॅच्युइटीवर फार भिस्त नको. पहिल्या पाच वर्षांत ती वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराएवढी असते, भत्ते धरत नाहीत. तुमचा मूळ पगार ३,५०० असेल तर वर्षाचे २,४५० दिर्‍हम.

बाबांना हप्त्याचा आकडा आणि कंत्राटाची तारीख एकाच कागदावर लिहून दाखवा. आणि सोडतीत नंबर लागला तर रजेचा अर्ज मुख्याध्यापकांकडे त्याच आठवड्यात द्या, तिकीट त्यानंतर.