चांगल्या कंपनीचे अल्कलाईन सेलही गळतात. मग घ्यायचे कोणते आणि गळल्यावर करायचं काय?

तुमचा प्रश्न असा आहे की नावाजलेल्या कंपनीचे सेल घेतले, पाकिटावरची मुदत संपायला अजून काही वर्षं होती, तरी टॉर्चमध्ये आणि रिमोटमध्ये गळले. आता कुठल्या कंपनीचे घ्यावेत आणि या वस्तू वाचतील का?

रिमोट बहुतेक वाचेल. पण कंपनी बदलून फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही. पाकिटावरची मुदत न वापरता ठेवलेल्या सेलची असते. वस्तूत घातलेल्या, त्यातही संपत आलेल्या सेलला ती लागू होत नाही.

अल्कलाईन सेलमध्ये जस्ताची भुकटी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. या दोघांच्या क्रियेतून थोडा थोडा हायड्रोजन तयार होत राहतो. पूर्वी तो रोखायला पारा घालत. १९९०च्या दशकात बहुतेक उत्पादकांनी पारा बंद केला. सेल पूर्ण उतरला की वायू वाढतो, आणि दाबानं सेल फुटू नये म्हणून ऋण टोकाचं सील मुद्दाम आधी सुटेल असंच केलेलं असतं. म्हणून घाण बहुतेकदा स्प्रिंगच्या बाजूला दिसते. बाहेर आलेलं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. तीच ती पांढरी पावडर.

आमच्या घरचं रक्तदाब मोजायचं यंत्र असंच बिघडलं. चारपैकी दोन सेल मी नवीन घातले आणि दोन जुने ‘अजून चालतायत’ म्हणून तसेच ठेवले. जुना सेल आधी संपतो आणि उरलेले त्याच्यातून जबरदस्तीनं प्रवाह ढकलतात. त्याचे ध्रुव उलटे होतात, वायू झपाट्यानं वाढतो आणि तो गळतो. चूक माझी होती, सेलची नव्हे. तेव्हापासून मी सगळे सेल एकदम बदलतो, एकाच पाकिटातले.

खरेदीला गेलात की सेलवरची बारीक अक्षरं वाचा. पेन्सिल सेलवर ‘एलआर६’ असेल तर तो अल्कलाईन, नुसतं ‘आर६’ असेल तर साधा कार्बन-झिंक. दोन्हींचा आकार अगदी सारखा असल्यामुळे फसायला होतं. भिंतीवरचं घड्याळ आणि रिमोट यांना अल्कलाईन ठीक आहे. खेळणी, फ्लॅश अशा रोज सेल खाणाऱ्या वस्तूंना रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड घ्या. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो, बहुतेक वस्तू त्यावर चालतात आणि ते गळण्याचं प्रमाण खूपच कमी. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या टॉर्चला मात्र मी १.५ व्होल्टचा, रिचार्ज न होणारा लिथियम सेल घालतो (त्यावर ‘एफआर६’ असतं). महाग पडतो, पण पटतो. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेलही मिळतात. ते चुकूनही घालू नका, वस्तू जळेल.

आता रिमोट. हातमोजे घाला, डोळे सांभाळा. हे द्रावण अल्कली आहे, कातडी भाजते. डोळ्यात गेलंच तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. सेल काढा, सुटी पावडर कोरड्या ब्रशनं झटका. फुंकर मारू नका. मग इअरबड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून पट्ट्यांना लावा. फसफसेल. फसफस थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावा, नंतर ओल्या बडनं आम्ल पुसून काढा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून पूर्ण वाळू द्या. पट्टी काळी राहिली तर बारीक पॉलिश पेपरनं घासा. कार्बन-झिंक सेलची गळती मात्र आम्लधर्मी असते. तिथे व्हिनेगर नको, खायच्या सोड्याची पातळ पेस्ट वापरा.

पट्ट्या चकचकीत होऊनही वस्तू चालेना तर वायर तपासा. आमचं यंत्र साफ केल्यावर आठवडाभर चाललं आणि पुन्हा बंद पडलं. द्रावण वायरच्या प्लॅस्टिकच्या आतून सरकत गेलं होतं आणि तांबं काळंहिरवं पडलं होतं. दोन इंच वायर बदलली, तेव्हा चालू झालं.

टॉर्चचं तसं सोपं नाही. फुगलेला सेल नळीत अडकतो, आणि नळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर द्रावण तिलाही खातं. आत थोडं व्हिनेगर घाला, काही तास झाकण न लावता ठेवा आणि मग टॉर्च लाकडावर हलकेच आपटून पाहा. ड्रिल मारू नका, तापवू तर अजिबात नका. तरीही सेल निघाला नाही, तर टॉर्च सेलसकट ई-कचऱ्यात द्या.