मुंबईत पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, डांबरगोळ्या ठेवूनही जात नाही. वन रूम किचनमध्ये काय करता येईल?

कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, आतले निदान पाव सामान कमी करा आणि तळाशी कॅल्शियम क्लोराइडचा, म्हणजे ओलावा शोषणारा, डबा ठेवा. डांबरगोळ्यांनी कसर दूर राहते, दमटपणा नाही. वास दमटपणाचा आहे. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आयतेच फावते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत ती बहुतेक दिवस ८०च्या पुढेच असते. म्हणूनच "कपाट उघडं ठेवा, हवा लागू द्या" हा सल्ला पावसाच्या दिवशी उलटा पडतो: बाहेरचीच ओल आत येते. दार घट्ट बंद ठेवा, ऊन पडेल त्या दिवशी सताड उघडा. डब्यात पाणी साठत जाते, ते वेळच्या वेळी ओता. कपड्यांवर किंवा चामड्यावर सांडले तर डाग पडतो. पैठण्या आणि जरीच्या साड्या धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून वरच्या खणात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. इस्त्री केलेले कपडे गरम असतानाच आत कोंबू नका (हे सगळेच करतात). पलंगाच्या बॉक्समध्ये गाद्या-रजया असतील तर तिथेही एक डबा हवाच, कारण तो बॉक्स वर्षभर कुणी उघडत नाही.

मात्र कपाटामागच्या भिंतीत गळती असेल, पोपडे सुटत असतील, तर यातले काहीही पुरणार नाही. आधी ती गळती काढून घ्या.